पायाळूची पाठ

आमचे मोतीरामभाऊजी जगात आले ते पायांनी. बाकीची माणसं डोकं पुढं करून येतात आणि पुढं जन्मभर ते वापरत नाहीत. भाऊजींनी पाय पुढं केले आणि जन्मभर पायांवरच पोट भरलं. असं पायांकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. पायाळूचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते, पाठीत भरलेली चमक उतरते, असं आमच्या वऱ्हाडात लहानथोर सगळे मानतात. मी मानते का, ते विचारू नका. त्यांचा पाय एकदा मलाही लागला आहे, आणि त्याच संध्याकाळी मी तरातरा चालत जाऊन बडनेऱ्याची गाडी पकडली आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, जाईबाईचे, मालक. तिला मी नुसतं बाई म्हणायची. आईनं बाईला अकोल्यात दिलं आणि मला बडनेऱ्याला, रेल्वेतल्या खलाशाच्या घरी. रेल्वेवाल्याची बायको म्हटल्यावर प्रवासाची चिंता नव्हती, म्हणून मन उदास झालं की मी पॅसेंजरनं अकोल्याला टपकायची, आणि मन उदास नसलं तरी टपकायची. मेहुणीला बहिणीच्या नवऱ्याची टर उडवायचा हक्क असतो. मिळालेला हक्क सोडून देणाऱ्यांतली मी नव्हे.

भाऊजी एका प्रेसमध्ये पेटीत होते. पेटीत होते म्हणजे काय, ते सांगते. जीनमध्ये कापसातली सरकी निघाली की राहिलेली रुई प्रेसमध्ये यायची, आणि तिची गाठ बांधायच्या आधी एका खोल पेटीत टाकून ती माणसांनी पायांनी तुडवायची. वरून रुई पडत राहायची आणि खाली दोघं जण गुडघे छातीपर्यंत उचलत गोल गोल फिरत ती दाबत राहायचे. पेटी भरत जाई तशी माणसं वर वर येत. काठाशी आली की बाहेर उडी मारायची आणि मग यंत्राचं काम सुरू. दिवाळीपासून होळीच्या पुढंपर्यंत हा हंगाम चालायचा. उरलेल्या दिवसांत वॅगनीत गाठी चढव, गोदामं झाड, असं काहीबाही. संध्याकाळी भाऊजी घरी यायचे ते भुवयांवरसुद्धा रुई घेऊन. मी म्हणायची, "भाऊजी, सकाळी तं जवान होते, एका दिवसात म्हातारे कसे झाले?"

घरी आले की ओट्यावर बसायचे, दोन्ही पाय लांब करायचे आणि ओरडायचे, "मेलो वं जाई! पाय गेले माहे!" हे कण्हणं कसलं, ललकारीच होती ती. साऱ्या वस्तीला ऐकू जायची. बाई कढत पाण्यात मीठ टाकून आणायची, पाय शेकायची, तेल लावून पोटऱ्या चोळायची. भाऊजी डोळे मिटून "हां, तिथं, अजून खाली" म्हणत पडून राहायचे. मला हसू यायचं, पण त्या ओरडण्यात एक ऐट होती हे मला तेव्हाही कळत होतं. माणूस कामावरून आला आहे, त्याचे पाय दुखताहेत, आणि ते दुखणं म्हणजे घराची अब्रू आहे.

सकाळी मात्र ओटा दुसऱ्यांच्या दुखण्यांसाठी मोकळा असायचा. कुणाची कंबर ओझं उचलताना धरलेली, कुणाला खाटेवरून उठताना चमक भरलेली. आलेल्या माणसानं पालथं झोपायचं, भाऊजींनी भिंत न धरता उजव्या पायावर उभं राहून डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी हलकेच टेकवायचा, की झालं. घ्यायचं काही नाही. पानसुपारीसुद्धा नाही.

छप्पन्नच्या आधीची एक गोष्ट सांगते. बाळापूरकडचे एक नत्थुजी होते, काळ्या जमिनीचे मालक. त्यांच्या विहिरीवर आमच्या लोकांनी दोर टाकलेला त्यांना चालायचा नाही. एका सकाळी त्यांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, वस्तीच्या तोंडाशी थांबली आणि गड्यांनी त्यांना धरून उतरवलं ते अर्धे वाकलेले. मुकाट्यानं भाऊजींच्या ओट्यासमोर पालथे झोपले. एरवी आमची सावली चालत नव्हती, त्या दिवशी पाय चालला. उठले, धोतर झटकलं आणि जाता जाता गड्याला म्हणाले, "घरी गेल्यावर आंघोळीचं पानी काढजो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजी हसून म्हणाले, "जाऊ दे ना भागीरथा. वाकून आला होता, सिधा होऊन गेला. वाकलेला मानूस मले पाहवत नाई, मंग कोनीबी असो."

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, ते तर आमच्या घरात खरंच घडलं. आईच्या कमरेत चमक भरली. जावयाचा पाय अंगाला लागू देईना, आणि दुखणं सोसवेना. शेवटी डोक्यापासून पायापर्यंत गोधडी घेऊन पडली. भाऊजी इतके लाजले होते की त्यांनी डोळे मिटून पाय टेकवला, तो नेमका खांद्यावर. कमरेला पाय लागलाच नाही, तरी आई उठून बसली आणि म्हणाली, "गुन आला हो!"

छप्पन्न साली नागपूरला जाऊन आम्ही सगळे दीक्षा घेऊन आलो. देव गेले, अंगारे-धुपारे गेले. भाऊजींनीही सांगून टाकलं की आता पाय लावणं बंद, हे आपल्या धम्मात बसत नाही. त्याच आठवड्यात धान्यबाजारातला एक हमाल वाकलेला आला. भाऊजींनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा वस्तीतल्या शिकलेल्या पोरांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मी नाई मानत. पन याच्या पाठीले कोन समजावून सांगन?" आणि पाय टेकवला. पोरंही हसली.

असं सगळं बरं चाललं होतं. मग बासष्टची दिवाळी झाली आणि प्रेसचं फाटक उघडलंच नाही.

कुणी म्हणे शेठच्या घरात भावाभावांचं वाजलं, कुणी म्हणे दुसरीकडं असं यंत्र आलं आहे ज्याला माणसाचे पाय लागत नाहीत. खरं काय ते फाटकाच्या आतल्यांना ठाऊक. भाऊजी आधी रोज भाकर बांधून जायचे आणि फाटकासमोर बाकीच्यांबरोबर बसून राहायचे. मग भाकर नेणं बंद झालं. मग जाणंच बंद झालं. दुसऱ्या प्रेसमध्ये विचारून पाहिलं, पण तिथल्या पेट्यांत तिथली माणसं होती, आणि पन्नाशीला टेकलेल्याला नव्यानं कोण घेतो? शेवटी बाईच बाहेर पडली. एका जीनमध्ये कवडी निवडायच्या कामाला लागली. कापसातली किडकी, न उमललेली बोंडं वेगळी काढायची, सकाळपासून उकिडवं बसून.

थंडीच्या दिवसांत मी एकदा भरदुपारी अकोल्याला गेले. दार लोटलेलं होतं. ढकलून पाहते तर भाऊजी बाजेवरून उठत होते. आधी कुशीवर वळले, मग गुडघे खाली टेकवले, मग दोन्ही हातांनी भिंत धरली आणि भिंतीवरून हात वर वर सरकवत उभे राहिले. मला वाटलं, माझी चाहूल लागली म्हणून सोंग करताहेत.

"काय जी भाऊजी, भिंतीवर चढून राहिले का?"

ते वळले. कपाळावर घाम होता. थंडीतला घाम पाहून माझं हसू गेलं.

"कंबर धरली का?"

"बसून बसून आंग धरलं. काई नाई."

"कधीपासून?"

त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"बाईले सांगतलं?"

त्यांनी दाराकडं पाहिलं, जशी काही बाई दाराआडच उभी आहे. "तिले सांगू नको भागीरथा."

"काहून?"

"काय सांगू तिले? म्या दिवसभर काई केलं नाई म्हनून माही पाठ दुखते, असं सांगू? ते उकिडवी बसून बसून येते, अन् मी म्हनू का माही पाठ दाब? लोक हासतीन."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की फाटक बंद झाल्यापासून या घरातून "मेलो वं जाई" ऐकू आलेलं नाही. काम होतं तेव्हा नुसते पाय थकायचे, तर सारी वस्ती दणाणून जायची. आता खरोखरचं दुखत होतं आणि माणूस दात आवळून गप्प होता. इतकी वर्षं पेटीत नाचून जी पाठ कुरकुरली नाही, ती बाजेवर बसून मोडली. आराम मानवत नाही अशी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आरामानं असं धरलेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं. तरी तोंडानं मी एवढंच म्हटलं, "बरं, नाई सांगत. पन दवाखान्यात चला."

चला म्हटल्यावर चलतील तर ते भाऊजी कसले! पुढच्या खेपेला मी त्यांना जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. पाठ दाबून पाहिली, वाकायला लावलं. "काम काय करता?" भाऊजी म्हणाले, "प्रेसमध्ये होतो, पेटीत." डॉक्टरनं मान हलवली. "तेच म्हणतो. जड काम बंद करा. थोडे दिवस आराम करा, बरं वाटेल." भाऊजी मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या रांगेतल्या बाया आत डोकावल्या. डॉक्टर बिचारा गोंधळला आणि त्यानं गोळ्या लिहून दिल्या. रस्त्यानं येताना भाऊजी उपरण्यानं डोळे पुसत होते, ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, मी विचारलं नाही. "आराम कर म्हनते, भागीरथा," ते म्हणाले. "आनखी?"

आणि ओट्यावरची माणसं? त्यांचं येणंही थांबलं होतं. थांबलं म्हणजे भाऊजींनीच थांबवलं. दुसऱ्याच्या पाठीला पाय लावायचा तर एका पायावर उभं राहावं लागतं, आणि भाऊजींना दोन पायांवर भिंत धरून उभं राहावं लागत होतं. ते कसं सांगणार? म्हणून आलेल्याला सांगायचे, "माह्या पायात आता गुन नाई राह्यला." लोकांनी ते खरं मानलं. इतकंच नाही, त्याचं कारणही शोधून काढलं. शेजारची केशरबाई नळावर सांगत सुटली, "रुई तुडवत होता तवर पायात गुन होता. बसल्या पायात काय राह्यते?" झालं. बसलेल्या पायाचा गुण उतरतो, असा नवाच कायदा वस्तीत निघाला, आणि माणसं मोर्णा नदीच्या पलीकडच्या दुसऱ्या एका पायाळूकडं जाऊ लागली. बिनपगारी का होईना, ही एक नोकरी भाऊजींकडं उरली होती. तीही गेली.

आणि हेच भाऊजी रोज बाई यायच्या आधी नळावर बायांच्या रांगेत उभं राहून पाण्याचा गुंड, म्हणजे मोठी पितळी घागर, भरून आणायचे. त्या पाठीनं! बाईला आल्यावर पाणी भरावं लागू नये म्हणून. एकदा माझ्यादेखत केशरबाई म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावते." मी म्हटलं, "लावू दे ना. तुह्या भिंतीले तं नाई लावत?" त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही म्हणे. मी चार दिवस तिथं नव्हतेच, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. चौसष्टच्या हंगामात भाऊजींना एका गोदामावर चौकीदारी मिळाली. काठी घेऊन हिंडायचं काम. पाठ पुरती गेली नाही, पण उठताना भिंत धरणं सुटलं. मला सांगायचं आहे ते मात्र त्याच्या अलीकडचं, काम लागायच्या आधीचं.

होळी जवळ आली होती. आमच्या मालकांनी शेंदूरजन्याची संत्री आणली होती, ती घेऊन मी अकोल्याला गेले. चुलीपाशी बसून अंबाडीची भाजी निवडत होते. भाऊजी गुंड भरून आणून ओट्यावर बसले होते. बाई यायची वेळ झाली आणि मी पाहिलं, ती वळणावर दिसली तसे भाऊजी हळूहळू ताठ झाले. खांदे मागं, मान वर. रोजचंच होतं ते. बाईला दिसावं तर धडधाकट माणूस दिसावा.

बाई आली. काही बोलली नाही, दमली होती. पाय धुतले. भरलेला गुंड आत न्यावा म्हणून वाकली आणि तशीच राहिली. "आई" एवढंच म्हणाली. गुंड कलंडला, पाणी ओट्यावरून खाली गेलं. मी धावले. तिला वर करता येईना आणि बसवता येईना. कशीबशी घरात आणली, गोधडीवर पालथी निजवली.

"भाऊजी, पाय लावा!"

भाऊजी दारात चौकट धरून उभे होते. तोंड पांढरं पडलं होतं. "माह्यानं होत नाई भागीरथा."

मला कारण ठाऊक होतं, पण बहीण समोर तळमळत असताना कारणं सुचत नाहीत. "उभ्या अकोल्याले लावला, अन् बायकोले लावाले जड जाते?"

गोधडीत तोंड खुपसलेली बाई म्हणाली, "राहू दे वं. त्यायले कायले बोलते? उतरन आपोआप. नेहमी उतरते."

मी त्यावर आणखी काही बोलणार होते, पण भाऊजींनी हात वर केला. "नेहमी म्हंजे?"

बाईनं तोंड आणखी आत खुपसलं.

"जाई, तुले याच्या आधी बी चमक भरत होती का?"

"भरते ना," बाई म्हणाली. "वच्छला झाली तवापासून. कधी पानी आनतानी, कधी जात्यावर. दोन-चार दिवस राह्यते, मंग जाते."

वच्छला म्हणजे त्यांची लेक. ती आता लेकुरवाळी होऊन सासरी नांदत होती. माझ्या डोळ्यांपुढं तो ओटा आला. कुठून कुठून वाकून आलेली माणसं सरळ होऊन जात होती, आणि दाराच्या आत माझी बहीण वाकूनच चूल फुंकत होती. मी महिन्याकाठी तिथं जाणारी, जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी, पण हे मलाही कधी दिसलं नाही. तिनं दिसू दिलं नाही.

"मंग सांगतलं काहून नाई?" भाऊजींचा आवाज फुटला. "नत्थुजीले पाय लावला म्या. तुले नसता लावला?"

"तुमी कामावून थकून येत होते. तुमचे पाय सुजले राह्यत." घरातलं मीठ संपलं आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं, "माह्यं काय, मी तं घरीच होती."

भाऊजींनी चौकट सोडली. पाय उचलला नाही. भिंतीवरून दोन्ही हात खाली खाली सरकवत, गुडघे टेकवत, कण्हत ते बाईजवळ खाली बसले. तिच्या देखत कण्हायचं नाही हे त्या दिवशी ते विसरले. बाईचं तोंड गोधडीत होतं, पण तो आवाज तिनं ऐकला असणार, कारण तिची मान हलली.

त्यांनी दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले. आजवर लोकांच्या पाठींना त्यांनी अंगठा लावला होता. हात कसा लावायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

"कुठं?"

"खाली."

"इथं?"

"अजून खाली. डाव्या आंगाले... हां. हां, तिथं."

ते दाबत राहिले. मी भाजी हातात घेऊन नुसतीच बसले होते, ना निवडणं सुचत होतं ना उठणं. बऱ्याच वेळानं भाऊजी हळूच म्हणाले, "मलेबी तिथंच दुखते."

बाईनं वळेल तेवढी मान वळवली. "तुमाले? कधीपासून?"

"फाटक बंद झालं तवापासून."

"अन् मले सांगतलं काहून नाई?"

भाऊजींचे हात थांबले नाहीत. "कसं सांगू, जाई?" ते म्हणाले. "मी तं घरीच होतो."